हिरवा दिवा आणि तुटलेली वायर : फायर अलार्मचं पॅनेल नीट कसं बसवायचं

फायर अलार्मच्या पॅनेलवरचा, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात त्या मुख्य पेटीवरचा, हिरवा दिवा एकच गोष्ट सांगतो : पॅनेलला वीज मिळते आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या, धूर ओळखणाऱ्या डिटेक्टरपर्यंतची वायर शाबूत आहे की उंदरानं कुरतडली आहे, बॅटरीत जीव आहे की ती फुगून बसली आहे, वेळ आली तर हूटर, म्हणजे भोंगा, वाजेल की नाही, यातलं काहीही त्या दिव्यावरून कळत नाही. हे सगळं ओळखून ओरडण्याची सोय पॅनेलमध्ये असते. पण ती सोय जिवंत ठेवायची की पहिल्याच दिवशी मारून टाकायची, हे बसवणाऱ्याच्या हातात असतं.

हे लिहायचं निमित्त म्हणजे नाशिकमध्ये सध्या पॅनेलं भराभर लागताहेत. सिंहस्थ तोंडावर असल्यानं पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत लॉज आणि यात्री निवासांची कामं सुरू आहेत. २०२१ मध्ये भंडारा, विरार आणि अहमदनगरच्या रुग्णालयांत आगी लागल्या, तेव्हापासून छोट्या नर्सिंग होमनाही फायर ऑडिट टाळता येत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडमध्ये तर पॅनेल पूर्वीपासून आहेच. पण बरेच मालक पॅनेलकडे एनओसीच्या, म्हणजे अग्निशमनच्या ना-हरकत दाखल्याच्या, फाइलमधला एक कागद म्हणून बघतात आणि बसवणारे त्यांना हवा तसा कागद देतात. म्हणून हा लेख मालकांसाठी, सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी आणि या कामात नव्यानं आलेल्या वायरमन मंडळींसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात हे काम अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यावं लागतं. लेख वाचून स्वतः पॅनेल उघडू नका. पण समोरचा माणूस काय करतोय आणि काय करत नाहीये, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

दोन जातीची पॅनेलं

पहिली जात कन्व्हेन्शनल. यात इमारतीचे झोन पाडतात, एका झोनमध्ये पंधरा-वीस डिटेक्टर एकाच दोन तारांच्या लाइनवर असतात. धूर आला की पॅनेल म्हणतं, 'झोन ३, आग.' झोन ३ मध्ये नेमकी कोणती खोली, ते धावत जाऊन शोधायचं. दुसरी जात ॲड्रेसेबल. यात प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, पॅनेल दर काही सेकंदांनी एकेकाला विचारतं, तो उत्तर देतो. खोलीचं नाव थेट पडद्यावर येतं.

दहा-बारा खाटांच्या दवाखान्याला किंवा एका मोकळ्या गोडाऊनला कन्व्हेन्शनल पुरतं, उगाच महाग घेऊ नका. पण चाळीस खोल्यांचं लॉज असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : ॲड्रेसेबलच घ्या. रात्री अडीच वाजता एकटा वॉचमन चौदा खोल्यांची दारं ठोठावत आग शोधेल, यावर कुणाचा जीव टांगू नये.

शेवटचा छोटा रेझिस्टर

कन्व्हेन्शनल पॅनेलचं सगळं मर्म चार-सहा आण्यांच्या एका वस्तूत आहे. तिला एंड ऑफ लाइन रेझिस्टर म्हणतात, साइटवर नुसतं 'ईओएल'. पॅनेलच्या झोनमधून दोन तारा निघतात, पहिल्या डिटेक्टरला, तिथून दुसऱ्याला, असं करत शेवटच्या डिटेक्टरला जातात. त्या शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये, म्हणजे छताला पक्क्या केलेल्या बैठकीत, हा रेझिस्टर दोन तारांच्या मध्ये लावायचा असतो. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर बऱ्याच पॅनेलांत चालतो, पण आकडा कंपनीप्रमाणे बदलतो, त्यामुळे पॅनेलच्या खोक्यात आलेलाच वापरायचा.

लाइनवर २४ व्होल्ट असतात. ४.७ किलोओहममधून साधारण ५ मिलिअँपिअरचा करंट सतत वाहत राहतो. गल्लीच्या पार टोकाला बसवलेल्या माणसाला पॅनेल सारखं हाक मारतंय आणि तो दर वेळी 'ओ' देतोय, असं समजा. 'ओ' आली म्हणजे तिथवरचा रस्ता मोकळा आहे. मध्ये कुठे तार तुटली की करंट शून्य होतो आणि पॅनेल पिवळा दिवा लावून 'ओपन फॉल्ट' म्हणतं. एखाद्या डिटेक्टरला धूर लागला की तो आतून आपला रोध काहीशे ओहमपर्यंत खाली आणतो, करंट अनेक पटींनी वाढतो आणि पॅनेल 'फायर' म्हणतं. दोन तारा एकमेकींना थेट चिकटल्या तर करंट त्याहून जास्त होतो, आणि चांगलं पॅनेल त्याला आग न समजता 'शॉर्ट' म्हणतं. म्हणजे एकाच करंटच्या चार पातळ्यांवरून पॅनेल चार वेगळ्या गोष्टी ओळखतं.

आता यातली चलाखी बघा. लाइनमध्ये कुठेतरी जोड सैल आहे, फॉल्ट जात नाहीये, संध्याकाळचे सात वाजलेत, उद्या इन्स्पेक्शन आहे. मग काय करतात? ईओएल उचलून पॅनेलच्या आतच झोनच्या टर्मिनलला लावून टाकतात. फॉल्ट गेला. झोन 'हेल्दी'. पाठोपाठ डिटेक्टरवर धूर सोडून दाखवतात, हूटर वाजतो, मालक खूश, साहेब खूश. कारण त्या दिवशी जोड लागलेला असतो. सहा महिन्यांनी फॉल्स सीलिंगवाला तीच तार कापतो, तेव्हा पॅनेलला त्याचा पत्ताही नसतो, कारण 'ओ' देणारा माणूस आता पॅनेलच्या पोटातच बसलेला आहे. झोन हेल्दीच दिसत राहतो. पुढे वर्षानुवर्षं.

हे पकडणं सोपं आहे. झोनमधला सगळ्यात लांबचा डिटेक्टर शिडीवर चढून बेसमधून फिरवून काढायला सांगा. अर्ध्या-एक मिनिटात पॅनेलवर त्या झोनचा फॉल्ट आलाच पाहिजे. नाही आला तर एक तर ईओएल चुकीच्या जागी आहे किंवा वायरिंग चुकीचं आहे. 'साहेब, धूर दिल्यावर वाजतंय ना, मग?' हे उत्तर ऐकून घेऊ नका. धूर दिल्यावर वाजणं ही अर्धीच परीक्षा आहे.

तशीच दुसरी खोड म्हणजे बेसच्या स्क्रूखाली अखंड तार. तार न कापता मध्येच इन्सुलेशन सोलायचं, वेढा मारायचा आणि स्क्रू आवळून पुढे जायचं. वेळ वाचतो, दिसतंही सुबक. पण तो स्क्रू सैल झाला तर डिटेक्टर लाइनपासून सुटतो आणि लाइन मात्र अखंडच राहते, म्हणजे पॅनेलला काहीच कळत नाही. येणारी तार वेगळी, जाणारी तार वेगळी, दोन्ही आपापल्या जागी आवळलेल्या हव्यात. त्याच कारणानं लाइनला मध्येच फाटा काढायचा नाही. टी-जॉइंट मारून बाजूच्या स्टोअर रूमला दिलेला डिटेक्टर ईओएलच्या वाटेवर नसतो, त्यामुळे त्याच्यावर कुणाचं लक्ष नसतं.

काच फोडायचा लाल डबा, म्हणजे एमसीपी, शक्यतो लाइनच्या सुरुवातीला किंवा स्वतंत्र झोनवर ठेवतात. कुणी रंगकामासाठी डिटेक्टर काढून ठेवला आणि पुढची लाइन तुटली, तरी माणसानं हातानं दिलेली वर्दी पॅनेलला पोचली पाहिजे.

हूटरची उलटी गंमत

हूटरच्या लाइनवरही नजर ठेवायची असते, पण तिथे अडचण अशी की नजर ठेवायला करंट सोडला तर हूटर वाजेल. यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. शांततेच्या वेळी पॅनेल हूटरच्या लाइनवर उलट्या पोलॅरिटीनं थोडासा करंट सोडतं. हूटरमध्ये एक डायोड असतो, तो उलटा करंट हूटरमध्ये शिरू देत नाही. करंट टोकाच्या ईओएलमधून परत येतो, लाइन तपासली जाते. आग लागली की पॅनेल पोलॅरिटी फिरवतं, डायोड वाट देतो आणि हूटर बोंबलतो.

म्हणूनच हूटर जोडताना प्लस-मायनस उलटं झालं तर तो ऐन वेळी मुका राहतो. बाकीचे वाजत असतात, त्यामुळे गोंगाटात कुणाच्या लक्षात येत नाही. चाचणीत प्रत्येक हूटरजवळ माणूस उभा करा आणि तो वाजतोय की नाही ते त्याच्याकडून ऐका.

आवाजाचा आकडाही लक्षात ठेवा. इमारतीत साधारण ६५ डेसिबल आणि जिथे लोक झोपतात तिथे उशीजवळ ७५ डेसिबल मिळायला हवेत. लॉजच्या पॅसेजमध्ये हूटर कितीही कडक असला तरी बंद दार बराच आवाज खातं. त्यावर पंखा, कूलर आणि दिवसभर पायी फिरून आलेल्या यात्रेकरूची झोप. खोलीतच आवाज देणारा बेस किंवा छोटा साउंडर लावल्याशिवाय हा आकडा गाठणं कठीण असतं.

लांब लाइनवर व्होल्टेजही पडतं. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. १५० मीटर लांब लाइन म्हणजे जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणजे ३.६ ओहम. टोकाला दहा हूटर मिळून ०.६ अँपिअर ओढत असतील तर दोन व्होल्टच्या वर वाटेतच जातात. पॅनेल बॅटरीवर असेल आणि बॅटरी उतरत आली असेल तर टोकाचा हूटर आधी दबतो. म्हणून पातळ तार वापरून पैसे वाचवायला बघणाऱ्याला हा हिशोब कागदावर मांडायला सांगा.

पॅनेल कुठे लावायचं

जिथे चोवीस तास माणूस असतो तिथे, आणि अग्निशमनचे जवान ज्या दारानं आत येतील त्या दाराजवळ. पडदा डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास. एवढी सोपी गोष्ट आहे, तरी पॅनेल जिन्याखालच्या कुलूपबंद मीटर रूममध्ये, पार्किंगमधल्या झाडू-बादल्यांच्या कपाटात किंवा मालकाच्या केबिनमध्ये सापडतं. मालक रात्री घरी जातो, केबिनला कुलूप लागतं, आणि पॅनेल रात्रभर आतल्या आत बोंबलत राहतं. ज्या खोलीत पॅनेल आहे तिथेही एक स्मोक डिटेक्टर हवा. पॅनेलच जळालं तर बाकीचं कोण सांगणार?

भिंत कोरडी हवी. नाशिकचा पाऊस तसा त्र्यंबक-इगतपुरीइतका नाही, पण बाहेरच्या अंगाला तोंड करून असलेल्या भिंतीत ऑगस्टपर्यंत ओल उतरते आणि मागून कॅबिनेटमध्ये शिरते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधली भिंतही टाळा, तिथे बॅटरी भाजून निघते. सीलबंद लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की जवळपास निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

बसवायला सुरुवात

कॅबिनेटला केबलसाठी भोकं पाडायची असतील तर आधी आतलं सर्किट बोर्ड काढून सुरक्षित ठेवायचं. हे न करता ड्रिल मारलं की लोखंडाचा बारीक किस बोर्डवर सांडतो. तो दिसत नाही, झटकला तरी पूर्ण जात नाही, आणि महिन्याभरानं कुठल्यातरी चिपच्या दोन पायांच्या मध्ये अडकून पॅनेल वेड्यासारखं वागायला लागतं. बोर्डला हात लावण्यापूर्वी अर्थ केलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवायची. त्याचं कारण पुढे बॅटरीपाशी येईल.

केबल शक्यतो कॅबिनेटच्या वरून, ग्लँड (भोकात केबल घट्ट धरणारी चकती) लावून आत घ्यायच्या. २३० व्होल्टची तार एका बाजूनं, २४ व्होल्टच्या लाइनी दुसऱ्या बाजूनं. दोन्ही एकाच भोकातून, एकाच पाइपातून आणायच्या नाहीत. इमारतीतही फायर अलार्मची केबल पॉवर केबलला खेटून नेली तर लिफ्ट सुरू झाली की खोटे अलार्म येतात. शील्ड (तारांभोवतीचं धातूचं वेष्टन) असलेली केबल असेल तर शील्ड वाटेत सगळीकडे जोडत आणायची आणि अर्थ फक्त पॅनेलच्या टोकाला करायची. दोन्हीकडे अर्थ केली तर शील्डमधूनच करंट फिरायला लागतो.

आणि मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र. हा मुद्दा ठळक अक्षरांत वाचा. केबल टाकून झाली की तिचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनं तपासतात, ते बरोबरच आहे. पण तेव्हा लाइन पॅनेलपासून सुटी हवी आणि एकही डिटेक्टर, मॉड्यूल, हूटर तिच्यावर नको. २४ व्होल्टच्या इलेक्ट्रॉनिक्सला ५०० व्होल्ट दिले की पुढे काही बोलायला नको. एकदा डिटेक्टर चढले की फक्त मल्टिमीटर, मेगर परत पेटीत.

डिटेक्टर आल्याबरोबर चढवायची घाईही नको. प्लास्टर, टाइल कटिंग, पीओपी, रंग संपेपर्यंत बेसच लावून ठेवायचे. डिटेक्टर चढवलेच असतील तर त्यांच्या टोप्या काढायच्या नाहीत. पीओपीची धूळ आत गेलेला डिटेक्टर आयुष्यभर खोट्या हाका मारतो. उलट टोपी शेवटी काढायला विसरले तर डिटेक्टर आंधळाच राहतो, आणि पॅनेलला ते कळत नाही. काढलेल्या टोप्या मोजून घ्या. डिटेक्टर ऐंशी असतील तर टोप्या ऐंशी भरल्या पाहिजेत.

स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर लावू नका, तिथे उष्णतेवर चालणारा हीट डिटेक्टर. मिसळीच्या तर्रीला फोडणी पडली की स्मोक डिटेक्टर रोज सकाळी वाजणार, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधणार. धर्मशाळेत धूप-अगरबत्ती जळते त्या खोलीचा, कांद्याच्या गोडाऊनमधल्या धुळीचा आणि वायनरीत टाक्या गरम पाण्यानं धुताना उठणाऱ्या वाफेचा विचारही आधीच करायचा.

वीज आणि बॅटरी

पॅनेलला मेन बोर्डातून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, त्यावर लाल अक्षरांत 'फायर अलार्म, बंद करू नये'. मराठीत लिहा, कारण तो एमसीबी खाली पाडणारा माणूस मराठी वाचतो. पॅनेलला प्लग-सॉकेटवर कधीही ठेवू नका. सॉकेट दिसलं की मोबाइल लागतोच. अर्थिंग पक्कं हवं, ते कॅबिनेटच्या अर्थच्या बोल्टला लग लावून आवळायचं.

बॅटरी साधारणपणे १२ व्होल्टच्या दोन असतात, सिरीजमध्ये जोडून २४ होतात. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या. एक जुनी एक नवी जोडली तर जुनी नवीला घेऊन बुडते. किती अँपिअर-अवरची घ्यायची याचा हिशोब सोपा आहे. वीज गेल्यावर पॅनेलनं २४ तास पहारा द्यावा आणि त्यानंतरही अर्धा तास हूटर वाजवावे, असं सर्रास धरतात. समजा तुमचं ॲड्रेसेबल पॅनेल शांततेत ०.३५ अँपिअर घेतं. त्याला २४ नं गुणलं की ८.४. अलार्ममध्ये २ अँपिअर, अर्ध्या तासाचे १. बेरीज ९.४. बॅटरी जुनी होणार म्हणून सव्वापट करा, ११.७५. म्हणजे १२ची बॅटरी जेमतेम पुरते, पुढे दोन हूटर वाढवले की कमी पडते. इथे १८ची घ्यावी. कोटेशनमध्ये मात्र ७ अँपिअर-अवरची लिहिलेली असते, कारण ती कॅबिनेटमध्ये बसते आणि स्वस्त पडते. छोट्या कन्व्हेन्शनल पॅनेलला ७ची पुरतेही. सांगायचं एवढंच की हिशोब न करता आलेली ७ची घेऊ नका. महावितरण देखभालीसाठी दिवसभर लाइन बंद ठेवतं, त्या संध्याकाळी बॅटरी खरी किती ते कळतं.

चालू करताना बहुतेक पॅनेलांत आधी २३० व्होल्ट, मग बॅटरी, असा क्रम असतो. तुमच्या पॅनेलच्या पुस्तिकेत वेगळा असेल तर तो पाळा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा अंगठी आली तर शेकडो अँपिअरचा करंट जातो, धातू लाल होतो, बोटासकट. २४ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात, भाजतं ते करंटनं. पॅनेल बंद करून काम करायचं तर दोन्ही काढायचं, वीजही आणि बॅटरीही. एमसीबी पाडला म्हणजे पॅनेल मेलं असं नसतं. आणि तो पाडलेला एमसीबी कुणी परत वर करणार नाही, याची सोय कुलूप किंवा माणूस ठेवून करायची.

ॲड्रेसेबलचं थोडं

यात केबल पॅनेलमधून निघून सगळे डिटेक्टर फिरून परत पॅनेलमध्ये येते, यालाच लूप म्हणतात. लूप एका जागी तुटला तर पॅनेल दोन्ही बाजूंनी बोलतं, एकही डिटेक्टर सुटत नाही. पण जाणारी आणि येणारी केबल एकाच पाइपात टाकली तर एका ड्रिलनं दोन्ही कापल्या जातात आणि लूपचा अर्थच संपतो. शक्यतो एक केबल एका जिन्यानं वर न्या, दुसरी दुसऱ्या बाजूनं खाली आणा. शॉर्ट झाला तर सगळा लूप बसू नये म्हणून ठराविक अंतरावर आयसोलेटर असतात. शॉर्ट झालेला तेवढा तुकडा ते तोडून टाकतात. आयसोलेटर प्रत्येक मजल्यावर येताहेत ना, हे ड्रॉइंगमध्येच पाहा. कोटेशन कमी करायचं झालं की कात्री आधी यांच्यावर पडते.

नंबर देण्याची पद्धत कंपनीप्रमाणे. काहींत दोन छोट्या चकत्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या, काहींना हातात धरायचा प्रोग्रॅमर लागतो, काहींत छोट्या स्विचची रांग असते. त्या स्विचांची किंमत १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाते. २१ नंबर हवा तर १६, ४ आणि १ चालू. दोन डिटेक्टरना चुकून एकच नंबर गेला तर दोघे एकदम उत्तर देतात आणि पॅनेल गोंधळतं. म्हणून सीलिंग बंद होण्याआधी नंबर आणि खोलीची यादी कागदावर तयार हवी.

पडद्यावर बहुतेक पॅनेलांत रोमन अक्षरंच येतात. म्हणून शेजारी मराठीत तक्ता लावा : झोन किंवा नंबर, मजला, खोली, जवळचा जिना. रात्रपाळीचा वॉचमन तो तक्ता वाचेल.

अर्थ फॉल्ट, म्हणजे पावसाचं पत्र

पहिला मोठा पाऊस पडला की गच्चीवरच्या लिफ्ट रूमच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी जातं आणि पॅनेल 'अर्थ फॉल्ट' म्हणायला लागतं. म्हणजे २४ व्होल्टची एखादी तार कुठेतरी जमिनीला लागली आहे. एका अर्थ फॉल्टनं सिस्टिम सहसा थांबत नाही, म्हणूनच लोक दुर्लक्ष करतात. पण दुसऱ्या तारेलाही अर्थ लागला की तो थेट शॉर्ट होतो. बऱ्याच पॅनेलांत ही तपासणी बंद करायचा एक जंपर (बोर्डवरची छोटी काढता येणारी जोडणी) असतो, आणि तो काढून 'प्रॉब्लेम सॉल्व्ह' करणारे कारागीर आहेत. खरा शोध असा : एकेक लाइन पॅनेलपासून सोडवत जायचं, जिच्यामुळे फॉल्ट जाईल ती धरायची, तिला मधोमध तोडायचं, मग उरलेल्या अर्ध्याला परत मधोमध. तासा-दोन तासांत ओला डबा सापडतो.

चाचणीचा दिवस

सुरू करण्याआधी इमारतीतल्या सगळ्यांना सांगा. रुग्णालयात तर आदल्या दिवशीच, वॉर्डावार. पॅनेलला लिफ्ट, एसी, आपोआप उघडणारी दारं जोडलेली असतील तर ती आधी वेगळी करून घ्या. सर्व्हर रूममध्ये गॅस सोडणारी यंत्रणा असेल तर तिचा सोलेनॉइड (विजेवर झडप उघडणारा भाग) सिलिंडरवरून उतरवून ठेवल्याशिवाय पॅनेलला हात लावू नका. चाचणीच्या धुरानं सगळा गॅस सुटला तर खर्च तर होतोच, आत माणूस असेल तर जिवावर बेततं.

मग प्रत्येक डिटेक्टरला चाचणीच्या स्प्रेनं धूर द्या. सॅम्पल म्हणून चार नव्हेत, सगळे. अगरबत्ती आणि बिडीनं काम होतं, पण आत चिकट थर बसतो. प्रत्येक एमसीपी चावीनं चालवा. पडद्यावर आलेलं नाव त्याच खोलीचं आहे का, हे फोनवर बोलत दोघांनी ताडून पाहायचं. यानंतर मुद्दाम बिघाड करा. वीज बंद करा, बॅटरीची तार काढा, डिटेक्टर उतरवा, हूटरची लाइन तोडा, लूप एका जागी तोडा, झोनच्या दोन तारा जोडा. प्रत्येक वेळी पॅनेलनं वेगळी आणि बरोबर तक्रार केली पाहिजे. हे सगळं तारीख टाकून रजिस्टरमध्ये लिहा. या बिघाडांच्या भागाला धूर देऊन पाहण्यापेक्षा जास्त वेळ द्या, तो द्यावाच लागतो.

वॉचमनला तीन बटणं शिकवा. पहिलं 'ॲक्नॉलेज', म्हणजे मी पाहिलं. दुसरं 'सायलेन्स', हूटर गप्प. तिसरं 'रिसेट'. हे तिसरं बटण तक्त्यावरची जागा डोळ्यांनी पाहून येईपर्यंत दाबायचं नाही. घाबरलेला माणूस आधी रिसेटच दाबतो, कारण त्यानं आवाज बंद होतो. धूर दिसला तर हूटर चालू ठेवून १०१.

कागद आणि चाव्या

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीपासून संरक्षणाची जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे, एजन्सीची नव्हे. काम झाल्यावर परवानाधारक एजन्सी 'फॉर्म ए' देते. पुढे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा 'फॉर्म बी' अग्निशमन विभागाकडे द्यायचा असतो. नाशिक महापालिकेच्या अग्निशमन विभागाचं मुख्यालय शिंगाडा तलावाला आहे. फॉर्म बीसाठी सही करणारा माणूस प्रत्यक्ष शिडी घेऊन आला होता का, एवढं तरी बघत जा.

शेवटी हस्तांतर. पॅनेलची चावी, केबल कुठून गेली ते खरं ड्रॉइंग (कोटेशनला जोडलेलं नव्हे), नंबरांची यादी, बॅटरीचा हिशोब, चाचणीचं रजिस्टर, ॲड्रेसेबल असेल तर प्रोग्रॅमची प्रत. आणि पॅनेलचा वरच्या पातळीचा पासवर्ड. हा पासवर्ड स्वतःकडे ठेवून एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, दुसऱ्याला जाऊच द्यायची नाही, असा धंदा काही जण करतात. मालकाला मग पॅनेल बदलायची वेळ येते. म्हणून पासवर्ड लेखी मागा, तुमच्यासमोर पॅनेलवर टाकून दाखवायला सांगा, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच सोडा.